सुरमईच्या पुड्यातलं मिलेटस

वेसाव्याच्या मथुराने जन्मभर मासळी विकली, पण कुणाला शिळं दिलं नाही. मान खाली घालायची वेळ तिच्यावर एकदाच आली, चौऱ्याऐंशी साली.

तिची लेक अनुपमा गल्लीतली पहिली कॉलेजात गेलेली, इतिहास शिकणारी. संध्याकाळी ती टिपणं मोठ्याने वाचायची आणि मथुरा बोंबील साफ करता करता ऐकायची. मिलेटस म्हणून ग्रीक लोकांचं जुनं गाव होतं. त्याला चार बंदरं होती. पुढे नदीने इतका गाळ आणून टाकला की समुद्रच गाव सोडून लांब गेला.

"मग तिथल्या कोळणी कुठं गेल्या गो?"

"आये, परीक्षेत ते विचारत नाहीत!"

परीक्षेला चार दिवस उरले असताना मथुराने ओट्यावरचे कागद रद्दी समजून उचलले आणि अंधेरीच्या बाजारात त्यांत सुरमई बांधून दिली. घरी येऊन पाहते तर लेक कागद शोधत रडतेय. मथुराला धरणी दुभंगावी असं झालं. ती तशीच गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरली. मिळालं एकच पान, तेही रक्ताने भिजलेलं.

"मी अडाणी गो, पोरी."

अनुपमाने नाक पुसलं, वही उघडली. "रोज ऐकलंस ना? मग सांग आता."

मथुराने बंदरांपासून गाळापर्यंत सगळं सांगितलं, पण मान वर केली नाही.

पोरगी पास झाली. तरी पुढे मथुरा पुडा बांधण्याआधी कागद गिऱ्हाइकापुढे धरायची. "बाई, वाचून बघा, कुणाच्या लेकीचं नाही ना?"

गिऱ्हाइकं हसायची. ती नाही.