कापसाच्या खोलीतलं समुद्राचं पाणी

नारायणराव बावीस वर्षं मुंबईत समुद्री माशांच्या दुकानात कामाला होते. टाळेबंदीत दुकान बसलं ते उठलंच नाही. मालक निजामभाई एक टाकी दाखवून म्हणाले, "नारायण, ही तुझ्याच हातची. तूच ने." अशी ती खाऱ्या पाण्याची टाकी मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडात, त्यांच्या गावी, येऊन पोचली. तिच्यात दोन नारिंगी मासे होते, आणि ते ज्याच्या लवलवत्या बोटांत शिरून झोपायचे ते एक समुद्रफूल.

धाकटा भाऊ गुलाबराव पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, खाता येत नाही तं पाळायचे काऊन?" पण मातीच्या भिंतींच्या मधल्या खोलीतला सगळ्यात गार कोपरा त्यानंच मोकळा करून दिला. इतकी वर्षं शेत त्यानं एकट्यानं ओढलं होतं, आईबापाची दुखणीखुपणीही काढली होती. परत आलेल्या थोरल्या भावाला त्यानं कधी एका शब्दानं टोचलं नाही. नारायणरावांना हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच घरात काही मागताना त्यांची जीभ अडखळायची.

दोन वर्षं बरी गेली. मग एका साली बीटी कापूस चांगला आला आणि भाव पडला. आदल्या हंगामाचा चढा भाव अजून डोळ्यांसमोर होता, त्यामुळे गावात कोणी विकायला तयार नव्हतं. कापूस आधी पडवीत भरला, मग मागच्या खोलीत, आणि शेवटी मधल्या खोलीत. एकुलती खिडकी आढ्यापर्यंत बुजली. उरलेल्या जागेत, थंडीमुळे दार लावून, घरातली सगळी माणसं आडवी होऊ लागली. अंगाला खाज सुटायची, कापसाचे तंतू पाण्यावर तरंगायचे.

नारायणराव रोज सकाळी काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे आणि रंगावरून पीएच पाहायचे. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठाच्या वर हवा. तो घसरत घसरत पावणेआठाच्याही खाली आला. त्यांनी क्षारता तपासली. आम्ल पचवायची पाण्याची ती ताकद जिथं असायला हवी तिथंच होती. म्हणजे पाण्यात काही कमी नव्हतं. कोंडलेल्या खोलीत माणसांचा श्वास साठत होता आणि तोच पाण्यात मुरत होता. निजामभाई नेहमी बजावायचे, पीएचच्या मागं धावू नको, क्षारता सांभाळ आणि खिडकी उघड.

"गुलाब," ते एकदा चाचरत म्हणाले, "खिडकीपाशी थोडी जागा करता येईन का?"

गुलाबरावानं त्या ढिगाकडे पाहिलं. "कुठं टाकू, दादा? अंगणात दव पडते. पंधरा दिवस थांब. भाव चढन म्हणतेत."

पंधरा दिवसांचे महिने झाले. नारायणरावांनी हवेच्या पंपाला लांब नळी जोडून तिचं टोक दारातून बाहेर काढलं. बाहेरची हवा मिळताच पीएच चढू लागला. पण कापसात उंदीर झाले होते. त्यांनी नळी कुरतडली. नवी लावली, तीही कुरतडली.

मग नारायणरावांना नुसतं पाहत बसवेना. बायको गीताबाईंच्या डब्यातला खायचा सोडा त्यांनी पाण्यात कालवला. पीएच जागचा हलला नाही. तोच सोडा तव्यावर भाजून जहाल करून टाकला, तेव्हा पीएच चढला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली आला. पुन्हा टाकला. क्षारता मात्र भलतीच वर गेली. पाणी गढूळलं, टाकीतल्या हीटरवर पांढरं किटण धरलं, समुद्रफूल आखडून मुठीएवढं झालं. पाणी बदलावं तर समुद्री मीठ डब्याच्या तळाला गेलेलं. एक दिवस ते फूल दगडावरून सुटलं. नारायणरावांनी ते हातानं उचलून बाहेर नेलं.

"तुम्हाले तं माहीत होतं नं सोड्यानं काय होते," गीताबाई हळूच म्हणाल्या.

"माहीत होतं."

मासे त्या रिकाम्या दगडापाशीच झोपत राहिले.

वैशाखात वादळ आलं. गावाबाहेरचे विजेचे खांब आडवे झाले, पंप बंद पडला. खोलीत कापूस, उकाडा आणि अंधार. मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकू लागले. हवा मिसळावी म्हणून नारायणराव प्लास्टिकच्या मगानं पाणी काढून उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहिले. त्यांचा हात भरून आला तसा गुलाबरावानं तो मग हातातून घेतला.

"सरक दादा, मी बसतो. तू चहा पी."

बाहेर पाऊस कोसळत होता. थोड्या वेळानं गुलाबराव ओतता ओतताच म्हणाला, "खिडकीपुढचा कापूस काढून टाकू का?"

"कुठं टाकशील? भिजून जाईन."

"जाऊ दे."

"नको," नारायणराव म्हणाले. "वर्षभराचं हाय ते. नको काढू."

दोघं आळीपाळीनं पाणी ओतत राहिले. आधी एक मासा कुशीवर झाला, मग दुसरा. लाईट आली ती दोन दिवसांनी.

पेरणी तोंडावर आली तशी बियाण्याची घाई झाली. व्यापाऱ्याची गाडी काटा घेऊन दारात उभी राहिली. दिवाळीत मिळत होता त्याहूनही कमी भावानं कापूस गेला. गीताबाईंनी खोली झाडली. खिडकी उघडी झाली.

टाकीचं पाणी टाकायला नारायणरावांचा हात धजत नव्हता. सवयीनं त्यांनी नळीत थेंब टाकले. पीएच आठाच्या वर होता. फूल गेल्यावर त्यांनी उरलंसुरलं मीठ घालून थोडं थोडं पाणी बदललं होतं, त्यानं क्षारताही ठिकाणावर आली होती.

गुलाबराव दारात येऊन उभा राहिला. "कसं हाय पाणी?"

"बरोबर हाय."

"मंग मासे आणू का, दादा? मलकापुरात भेटतेत म्हणतेत."

"ते गोड्या पाण्यातले. ह्यात नाही जगत."

गुलाबरावानं दाराआडची बियाण्याची पिशवी उचलली. ती खांद्यावर टाकून तो शेताकडे निघाला. नारायणरावांनी पायात चपला सरकवल्या आणि ते त्याच्या मागोमाग गेले.