रुखसानाचे कमिट परत कोणी आणले?

अन्याय रुखसानावर झाला. गेल्या शनिवारी, भर दुपारी. करणारा प्रसाद, आमच्याच भाडेकरू संघटनेचा!

आधीच सांगते, मी दिल्लीच्या मुनिरक्यात बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटते. भूतबीत मानत नाही. तरीही हे लिहितेय...

घरमालक विजेचे मनमानी पैसे लावतात, त्याविरुद्ध आमची वेबसाइट आहे. ती रुखसानाने एकटीने बांधली, स्वतःच्या वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीवर. प्रसादने ती फक्त मुख्य ब्रांचमध्ये मर्ज करायची, म्हणजे मिसळायची होती. पठ्ठ्याने तिचे सगळे कमिट, म्हणजे कोणी काय केलं याच्या नावासकट नोंदी, दाबून एकच केला, स्वतःच्या नावावर! वर तिची ब्रांच उडवली. तिचा लॅपटॉप नुकताच फॉरमॅट झालेला, म्हणजे दुसरी प्रतही नाही. आणि सोमवारी इंटरव्ह्यूत तिला हीच हिस्टरी, या नोंदींची यादी, दाखवायची होती.

रविवारी मी प्रसादला तिच्या घरी, लक्ष्मीबाई नगरला, ओढत नेलं.

"यार, हिस्टरी क्लीन दिसते अशाने," तो जेवताना म्हणाला.

"अच्छा," रुखसानाची आई म्हणाली, "पुलाव मी केला, झाकण तू उघडलंस, म्हणून पुलाव तुझा?"

"काकू, तसं नाही—"

"मग कसं? खा आणि सांग."

पुरावा म्हणून मी मोबाइलवर हिस्टरी उघडली... रुखसानाचे सगळे कमिट परत! तिच्या नावाने, 'प्रसाददादा, या बटणाला हात लावलास तर बघ' अशा शेऱ्यांसकट. आणि वर ताजा मर्ज, प्रसादच्या अकाउंटवरून. वेळ? आम्ही जिना चढत होतो तेव्हाची. प्रसादच्या दोन्ही हातांत तेव्हा कलिंगड होतं. पासवर्ड त्याच्याशिवाय कोणाला माहीत नाही.

"मी नाही केलं!" तो पांढराफटक.

"अरे, एखादं चांगलं काम तरी कबूल कर," रुखसाना म्हणाली.

तुम्ही म्हणाल, सिस्टिमने आपोआप केलं असेल. बिल्कुल नाही. वेबसाइटच्या पानाच्या शेवटच्या ओळीवर दोघांचं जुळत नव्हतं — त्याची 'निर्मिती: प्रसाद', तिची 'निर्मिती: रुखसाना'. अशा जागी मशीन अडतं, माणसालाच ठरवावं लागतं. तिथे कोणीतरी ठरवलं होतं:

'निर्मिती: रुखसाना. झाकण: प्रसाद.'

आणि तेही काकू झाकणाचं बोलल्या त्याच्या आधी!

सोमवारी रुखसाना तीच हिस्टरी घेऊन गेली. निकाल यायचाय. खुलासा मात्र माझ्याकडे आजही नाही, आणि त्याचा मला भयंकर राग येतो.

पण तुम्ही नुसतं वाचून "बाप रे" म्हणू नका. आपापल्या प्रोजेक्टची हिस्टरी उघडा. कोणाचं काम तुमच्या नावावर बसलंय ते शोधा, आणि त्याचं नाव परत लिहा. स्वतःच्या हाताने. आज!