पंचवटी ते निफाड: बारा पिशव्या कोंबडी आणि आमची सुमनताई

नाशिकला आलेले लोक देव बघतात, नाहीतर द्राक्षं. आम्ही रविवारी कोंबडीच्या दुकानांचं दर्शन घेतलं.

कारण माझी भाची प्राची. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाजारातल्या कोंबडीवरचे जंतू कोणकोणत्या औषधांना भीक घालत नाहीत, हा तिचा प्रकल्प. बारा दुकानांतले बारा नमुने, न धुतलेले, बर्फात, संध्याकाळी पाचच्या आत प्रयोगशाळेत हवेत. त्यासाठी सर सुट्टीच्या दिवशी कुलूप उघडणार होते. हुकलं तर प्रकल्प पुढच्या सत्रावर. गाडी माझ्याकडे आहे, म्हणून मामा आठवला.

सुरुवात पंचवटीत मिसळीने. नव्वद रुपये, रस्सा मागाल तितका. मिसळ आधीच खा. पहिल्या दुकानानंतर भूक जरा विचार करू लागते. पाव किलो कोंबडी सगळीकडे साठच्या आसपास. प्राची हातमोजे घालून "धुऊ नका" म्हणायची आणि पक्ष्यांना औषधं काय देतात ते विचारायची. एका दुकानदाराने सुरी खाली ठेवली. "ताई, कोंबडी न्यायची का जबाब?" बाकीच्यांनी माल फिट येतो म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

चांदोरीपर्यंत रस्ता छान. पुढे स्पीडब्रेकर आहेत, ते आदळल्यावर कळतात. एक वाजता निफाडमध्ये बारावी पिशवी बर्फात गेली. जवळच माझी चुलत बहीण सुमनताई राहते. तिचे यजमान भाऊसाहेब यांची पोल्ट्री आहे. तिच्या दारावरून न जेवता जाणं हा आमच्या घराण्यात गुन्हा आहे, म्हणून थांबलो. गाडी तापेल म्हणून खोकं ओसरीवर सावलीत ठेवलं आणि पिठलं-भाकरीवर बसलो.

आम्ही जेवत असताना ताईने खोकं उघडलं. प्राची हात धुवायला उठली तेव्हा तिला पातेलं दिसलं. बाराही पिशव्यांतली कोंबडी एकत्र, स्वच्छ धुतलेली, हळद-मीठ लावून झाकलेली.

"मावशी, तो माझा अभ्यास होता."

"अगं, इतक्या उन्हात तसाच नासला असता की."

मी घड्याळ दाखवून सत्र म्हणजे काय ते समजावलं. ताई उठली. मग पदर खोचून गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

परतीचा प्रवास हाच खरा प्रवास, तीच बारा दुकानं पुन्हा. सकाळी तोंड न उघडणारे दुकानदार ताईशी घरच्यासारखे बोलले, कारण ती त्यांच्यातलीच. पक्ष्यांना औषधाची पावडर पाण्यातून देतात, पिल्लू असल्यापासून, आजारी असो नसो. प्राची लिहीत होती. अकराव्या दुकानात ताईने स्वतः तुकडा निवडला. "हा आमच्या शेडचा माल. लय चोख हाय, पोरी."

पाचला दहा कमी असताना सरांनी दार उघडलं.

गाडीतला वास दोन दिवस राहिला. कोंबडी मी अजून खातो. नीट शिजवून, आणि तिची सुरी सॅलडला लावत नाही. आठवड्याने प्राचीने मला बशा दाखवल्या. जंतूंच्या थरावर औषधाच्या बारीक टिकल्या ठेवतात. औषध चाललं तर टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडतो. अकरा नंबरच्या बशीत एकाही टिकलीभोवती गोल नव्हता. जंतू औषधाला टेकून आरामात वाढले होते.

प्राची कोणालाच काही सांगणार नव्हती. पण ताईनेच फोन करून आपला नंबर कसा आला ते विचारलं. प्राचीने खरं सांगितलं, रोजच्या पावडरीने जंतू औषधाला सरावतात हेही. ताईने औषधांची नावं वाचायला लावली. तिसऱ्या नावाला थांबवलं.

"हे तर आमच्या पोराला, बंटीला दिलं होतं तापात. उतरलाच नाय. डॉक्टरांनी बदलून दिलं."

मागून भाऊसाहेबांचा आवाज आला, पावडर बंद केली तर पक्ष्याला वजन येणार नाही.

"अहो, नाय आलं तर नाय," ताई म्हणाली. "उद्यापासून पाण्यात पाणीच जाईल."