रीस्टार्टनंतरही उरलेला सुनंदाताईचा फॉर्म

आधीच सांगून ठेवतो, या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर टिंगल करायलाच वाचत आलोय. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच भूतखेत, अंगारे-धुपारे आमच्या घरातून बाहेर गेले. त्यात मी धंद्यानं प्रोग्रामर. मशीन विनाकारण काही करत नाही, कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही, असं मानणारा. तरी हे लिहितोय... ते कारण शोधून थकलो म्हणून. आणि आठवलं की भीती वाटत नाही, संताप येतो, म्हणूनही.

मी पवनारला राहतो. तेव्हा वर्ध्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. मालक म्हणजे आमचे सर, मी आणि प्रफुल्ल, एवढीच टीम. एका संस्थेच्या बालवाडी सेविकांच्या भरतीचं पोर्टल आम्ही बनवत होतो. फॉर्म नऊ पानांचा आणि सेशन दहा मिनिटांचं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी — तुम्ही लॉगिन केलं की सर्व्हर तुमच्या नावाची एक चिठ्ठी जवळ ठेवतो : हा कोण, कुठल्या पानावर आहे, काय काय भरलंय. त्या चिठ्ठीला सेशन म्हणतात. दहा मिनिटं तुमची हालचाल दिसली नाही की चिठ्ठी फाडली जाते आणि भरलेलं सगळं जातं. आम्ही तर या चिठ्ठ्या सर्व्हरच्या मेमरीतच ठेवल्या होत्या. म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळ्यांच्याच चिठ्ठ्या साफ.

प्रफुल्ल तळेगावचा. त्याला हे पहिल्या दिवसापासून खटकत होतं. तो म्हणायचा, "माही माय एक पान भरते तवर रेंज जाते. दहा मिनिटांत काय होते बे?" त्यानं आपल्या मनानंच प्रत्येक पान डेटाबेसमध्ये जपून ठेवायची सोय लिहिली. पान परत उघडलं की वर ओळ यायची : 'तुमची माहिती जपून ठेवली आहे. सावकाश भरा.' सर हसले. म्हणाले, क्लायंटनं मागितलं नाही ते फुकट कशाला द्यायचं? मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काढून टाक."

मी काढलं. दोन मिनिटं लागली. प्रफुल्ल शेजारच्याच खुर्चीत बसून बघत होता. पुढच्याच महिन्यात गावी जाताना ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं. तो गेला. त्याचा लॅपटॉप फॉरमॅट करून सरांनी नव्या मुलीला दिला.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, गुरुवार. पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं. माझी मावसबहीण सुनंदाताई हिंगणीची, तीही अर्ज भरत होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे ही शेवटचीच संधी. तिकडे बोर धरणाच्या बाजूला नेटवर्क कसं आहे ते तिकडच्या लोकांना विचारा. ती शाळेच्या ओट्यावर मोबाईल घेऊन सकाळपासून बसली होती. सव्वादोनला तिचा फोन आला.

"नितीन, हे काऊन सारखं पुन्हा लॉगिन करा म्हणून राह्यलं रे? चार खेपा भरलं मी. आता कुठं आठव्या पानावर आली."

"थांबू नको ताई, भरत राह्य," म्हटलं आणि फोन ठेवला.

तेवढ्यात सर्व्हर कासवगतीनं चालायला लागला. सर केबिनमधून म्हणाले, "रीस्टार्ट मार." मी म्हटलं, सर, लोकं अर्ध्यावर आहेत. त्यावर त्यांचं उत्तर, "मग काय झालं? परत भरतील."

अडीच वाजले होते. ताई आठव्या पानावर आहे हे मला माहीत होतं. तरी मी रीस्टार्ट केलं. स्वतःच्या बोटानं.

लगेच तिला फोन लावला. म्हटलं, ताई, माफ कर, सगळं गेलं, पहिल्यापासून भर.

"काई गेलं नाई. आठवंच पान हाय."

"रिफ्रेश कर."

"केलं न. वरतं लिहून आलं पाह्य... तुमची माहिती जपून ठेवली आहे. सावकाश भरा."

मी दोनदा वाचायला लावलं. ती वैतागली. "तूच लिहिलं असशीन न? मंग मले काऊन इचारतं?"

पावणेतीनला तिचा फॉर्म सबमिट झाला, पोचपावतीही आली. मी सगळा कोड पालथा घातला. ती ओळ कुठेच नाही. ती माहिती जिथे साठायची तो डेटाबेसमधला तक्ता तर मीच उडवला होता. तुम्ही म्हणाल, ब्राउझरनं जुनं पान धरून ठेवलं असेल, म्हणजे कॅशिंग. कबूल. पण मग सबमिट कसं झालं? रीस्टार्टनंतर सर्व्हरनं तिला ओळखायलाच नको होतं. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तिचं नवं लॉगिनही नाही. आहे ती फक्त आठव्या पानाची नोंद, मग नवव्या पानाची, मग सबमिट.

बाकी कुणाचंच उरलं नाही. पाच वाजेपर्यंत ऑफिसचा फोन वाजत होता. आष्टीकडची एक बाई रडत होती. मी तिला म्हटलं, परत भरा. पाचला पोर्टल बंद झालं तेव्हा ती सहाव्या पानावर होती. सरांनी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि मला आत बोलावलं. ताईशी फोनवर झालेलं माझं बोलणं त्यांनी केबिनमधून ऐकलं होतं.

"बहिणीसाठी प्रफुल्लचा कोड परत टाकलास ना? काढून टाक."

"मी नाही टाकला. टाकायला पाहिजे होता. सगळ्यांसाठीच टाकायला पाहिजे होता."

"काढ म्हणतो ना!"

"कुठून काढू, ते तुम्हीच दाखवा," म्हटलं आणि बॅग उचलली. तो महिना कसाबसा भरला आणि नोकरी सोडली. पण हा माज दाखवायचा दिवस दुसरा होता, प्रफुल्ल शेजारी बसला होता तो. त्या दिवशी मी मुकाट्यानं डिलीट मारलं. सरांवर जेवढा राग आहे त्याहून जास्त स्वतःवर आहे.

ते काय होतं, मला आजही माहीत नाही. हुशार लोकं आहेत इथे, सांगा. ओळखीच्या तीन प्रोग्रामरना विचारून झालंय. तिघांनीही 'काहीतरी कॅशिंग असेल' म्हणून विषय बदलला.

ताई आता बालवाडीवर लागली. दिसेल त्याला सांगते, "माह्या भावानं माहा फॉर्म वाचवला." रीस्टार्ट मीच केलं होतं, हे तिला अजून माहीत नाही. ती सांगत असते आणि मी मान डोलावतो.