पाणी धरणारे वाफे

कॅनडात किचनरला आमच्या बिल्डिंगच्या मागे, रेल्वेच्या रुळांपलीकडे एक सामायिक बाग होती. जमिनीचे छोटे तुकडे पाडलेले. वर्षाचं भाडं भरायचं आणि आपल्या तुकड्यात हवं ते लावायचं. दोन वर्षं वेटिंग लिस्टवर राहिल्यावर मला एक तुकडा मिळाला. ऑफिसात मी कुणालाच सांगितलं नाही, कारण तुकडा मिळाल्याच्या ईमेलमध्ये एक अट होती. जूनच्या मध्यापर्यंत तिथे काही उगवलेलं दिसलं नाही, तर तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होता.

सासूबाई तेव्हा नुकत्याच फलटणहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. लग्नाला वर्ष झालं होतं, पण आमचं बोलणं 'चहा ठेवू का' आणि 'जेवलीस का' यापलीकडे गेलं नव्हतं. एका संध्याकाळी मी ग्राफ पेपरवर बागेचा आराखडा काढत होते. झिनियाची फुलं गुलाबी पेन्सिलीनं, सूर्यफुलं पिवळीनं.

"हे तहसीलदाराला दाखवायचंय का?" त्यांनी मागून वाकून विचारलं.

"नाही आई, आपल्यासाठीच."

"मग यात मेथी कुठाय?"

मी झिनियाची एक ओळ खोडली. मग कोथिंबीर आली, गवार आली, कारलं आलं. झोपायला जाईपर्यंत झिनिया कोपऱ्यात दोन चौकटींपुरती उरली होती.

मे महिन्याचा लाँग वीकेंड झाला, थंडीची भीती संपली, आणि आम्ही खणायला गेलो. साडीवर माझं जॅकेट, पायात माझ्या नवऱ्याचे बूट, अशा अवतारात सासूबाईंनी फावडं हातात घेतलं आणि मला बाजूला उभं केलं. मधली माती ओढून त्यांनी कडेला बांध घातले. वाफा खोलगट, बांध उंच, कोपरे अगदी काटकोनात. माहेरी विहिरीचं पाणी पाटानं यायचं आणि एकेका वाफ्याचं दारं उघडून बंद करायचं काम लहानपणी त्यांच्याकडे असायचं.

"पाणी धरलं पाहिजे गं. वाफ्यात उभं राहिलं की मुळाशी जातं."

शेजारच्या सगळ्या तुकड्यांत माती उंच चढवलेली होती. काहींनी तर फळ्यांच्या पेट्या करून त्यात भरली होती. माझ्या नजरेला ते लगेच आलं. पण शेतीचा धडा मी इंग्रजीत शिकले होते, तोही परीक्षेपुरता. मी गप्प बसले आणि मेथीचे दाणे भिजवलेलं भांडं पुढे केलं.

मग पाऊस लागला. खाली चिकणमाती. उघडीप मिळाल्यावर जाऊन बघतो तर आमच्या प्रत्येक वाफ्याचं तळं झालेलं, मेथीचे दाणे फुगून काठाला लागलेले आणि मधोमध एक पक्षी अंघोळ करत होता. शेजारच्या तुकड्यातले पोर्तुगीज आजोबा घेवड्याला काठ्या रोवत होते. ते थांबले.

"राइस? यू ग्रो राइस?"

"काय म्हणतायत?"

"तांदूळ लावलाय का, विचारतायत."

सासूबाईंनी तळ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि इतक्या हसल्या की त्यांना पालथ्या बादलीवर बसावं लागलं. "सांग त्यांना, इंद्रायणी आहे म्हणावं. वासाची."

मी सांगितलं. आजोबांनी गंभीरपणे मान हलवली.

पण बागेची व्यवस्था बघणारी बाई आली तेव्हा कुणी हसलं नाही. साचलेल्या पाण्यात डास होतात, ती म्हणाली, आणि काही उगवलेलंही दिसत नाही. दोन आठवड्यांनी ती पुन्हा बघायला येणार होती. "सॉरी," एवढंच मी म्हटलं.

ती गेल्यावर मात्र बोलणं भाग होतं. "आई, मला वाटतं आपलं उलटं झालंय. इथे पाणी धरायचं नसतं. सोडायचं असतं."

त्या माझ्याकडे वळल्या. "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही इतकं मनापासून करत होता."

"मनापासून चुकतच होते ना! तोंड उघडत जा गं."

मग त्यांनी बुटाच्या टोकानं बांध दाबून पाहिला. तो कोरडा होता. "हे बघ, वरंबे तर आपण करूनच ठेवलेत."

पाण्याला वाट काढून दिली, मधली माती थोडी सुकल्यावर बांधांवर चढवली आणि मेथी-कोथिंबीर वर पेरली. खोलगट भाग चालायला आणि पाणी जायला राहिला. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड. ऑफिस सुटलं की मी तडक तिकडेच जायचे. सासूबाई आधीच पोचलेल्या असायच्या, आणि आजोबांनी त्यांना टोमॅटोची रोपं दिलेली असायची.

ठरल्या शनिवारी ती बाई आली. वरंब्यांवर मेथीची हिरवी रेघ उठली होती. ती वाकली. "इज धिस क्लोव्हर?"

क्लोव्हर म्हणजे तिच्या लेखी तण. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी बोलायला लागले. हे तण नाही, भाजी आहे. हिचे दाणे आम्ही मसाल्यात घालतो, पानं कणकेत मळतो. एक रोप उपटून, चुरडून मी तिला हुंगायला दिलं. तिनं डोळे मिटून वास घेतला, "लव्हली" म्हणाली, कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढे गेली.

"एवढा वेळ काय सांगत होतीस?"

"पराठे कसे करतात ते. तुकडा आपलाच राहिला, आई."

"ते दिसलं. तिला खायला बोलावलंस की नाही?"

"नाही."

"अगं मग जा ना! ती बघ, फाटकापाशी पोचली."

मी चिखलाचे बूट फटफटवत तिच्या मागे धावले.