सायकलच्या वाटेवरचा मका
वाळत्या मक्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. आमच्या गावावरून सटाण्याला जाणारे कांद्याचे ट्रक शाळेच्या मुलींच्या सायकलींना अगदी घासून जायचे, म्हणून रस्त्याकडेनं चालायला आणि सायकलला वेगळी वाट मिळावी यासाठी आम्ही बायकांनी दोन वर्षं अर्ज केले, सह्या गोळा केल्या, ग्रामसभेत भांडलो. शेवटी वाट झाली, चांगली गुळगुळीत सिमेंटची. चौथ्याच दिवशी बघते तर तिच्यावर लांबच लांब पिवळाधमक मका पसरलेला, कुणाचं चाक त्यात जाऊ नये म्हणून कडेला दगड मांडलेले, आणि मुली पुन्हा ट्रकांच्या बाजूला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “कुणाचा मका आहे हा? लाज नाही वाटत?” मी ओरडले. पायानं मका हलवणारी शेजारीण शांतपणे म्हणाली, “वहिनी, हा आमचा हाय. पण पहिला तुमच्या सासूबाईंनी टाकला. म्हणल्या, आमच्या सूनबाईनंच आणलीय वाट, टाका बिनधास्त.” यंदाचा मका कालच घरात आलाय, आणि सासूबाई आत्ताच विचारून गेल्या, “काय गं, दुपारची ती वाट रिकामीच असती ना?”