सालोमतआपांची चूक

कोकंद शहरातल्या आमच्या नानभट्टीत सालोमतआपा बावीस वर्षं, पीठ फुगलं की नानच्या मधोमध नक्षीचा ठप्पा मारत आल्या. पिठाला बोट लावून त्या सांगायच्या, "हे अजून झोपलंय, उठवू नका." मग खुद्द मालकाचंही काही चालायचं नाही. त्यांच्या हाताखालच्या पोरी दिवसभर खिदळायच्या आणि कामही भराभर उरकायच्या.

मी मुकादम झालो आणि माझी अक्कल पाजळायला लागलो. मागणी वाढली होती, मालक रोज डोकं खात होता. मी भिंतीवर घड्याळ टांगलं. पीठ मळून चाळीस मिनिटं झाली की ठप्पा, लगेच भट्टी.

आपा म्हणाल्या, "तोलिबजोन, थंडीत पिठाला घड्याळ कळत नाही हो."

मी सगळ्यांदेखत बोललो, "आपा, तुम्ही हात चालवा. डोकं मी चालवतो."

खिदळणं थांबलं. दोन पोरी काम सोडून गेल्या. आपा एकदा म्हणाल्या, "पूर्वी सुट्टीला घरी करमायचं नाही. आता सकाळी उठलं की वाटतं, आज सुट्टी असती तर." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नान वेळेवर निघत होते ना!

जानेवारीत माझ्या मुलीचं, दिलरबोचं, लग्न ठरलं. आमच्यात दोन्ही घरांसमोर बुजुर्गाने नान मोडला की सोयरीक पक्की. नान मोडायच्या दिवशी सकाळी आपा म्हणाल्या, "हा घाणा फुगलेला नाही. पाव तास द्या." मी नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि त्याच घाण्यातले दोन नान कापडात बांधून घरी नेले.

आमच्या गल्लीतले बुजुर्ग कुद्रतबाबा, त्यांनी नान हातात घेतला. मोडेना. ओढला, तर चिवट लगदा ताणतच गेला. आत कच्चं पीठ! पन्नास माणसं माना उंचावून बघायला लागली. नवऱ्या मुलाच्या आईचा चेहरा पडला. "असला अपशकुनी नान केला तरी कुणी?" तिने विचारलं.

मी बायकांत बसलेल्या आपांकडे बघितलं आणि म्हणालो, "आमच्या आपांचं आता वय झालं. लक्ष राहत नाही त्यांचं."

आपा उठून उभ्या राहिल्या. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "पोरीवर राग धरू नका." शेजारून दुसरा नान आला, मोडला गेला, सोयरीक झाली. मी मात्र कुणाकडे मान वर करून बघू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळ काढलं आणि पोरींसमोर म्हणालो, "चूक माझी होती, आपा. आजपासून तुम्ही सांगाल तेव्हाच ठप्पा."

आपांनी हातावरचं पीठ झटकलं. "काल पन्नास माणसांत बोललात, तोलिबजोन. इथे आम्ही चौघीच आहोत."

सोयऱ्यांचं घर भट्टीपासून दोन गल्ल्यांवर आहे. महिना झाला, माझे पाय तिकडे वळलेले नाहीत.